रास मीन, रंग फिका

मासा एक तर खावा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे वडील म्हणत. ते रत्नागिरीकडचे असल्यामुळे यातला पहिला पर्याय त्यांनी जन्मभर निष्ठेने पाळला. मी मात्र तिसराच मार्ग काढला. मी मासा पाळला. तोही साधा नव्हे, समुद्रातला. आणि त्या चार बोटांच्या माशाने मला सेहेचाळिसाव्या वर्षी अशा एका प्रश्नात नेऊन टाकले, की ज्याचे उत्तर बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हते आणि बँकेच्या परिपत्रकांतही सापडत नाही.

त्याचे असे झाले. २०२४ साली बँक कर्मचाऱ्यांचा नवा वेतनकरार झाला आणि थकबाकीची रक्कम एकदम हातात पडली. आमच्या घरात अशी रक्कम आली की तिच्यावर तीन ठराव मांडले जातात. सौ.चा ठराव स्वयंपाकाच्या ओट्याचा असतो, चिरंजीवांचा नव्या फोनचा, आणि माझा ठराव अनुमोदक न मिळाल्यामुळे दप्तरी दाखल होतो. या वेळी मी तो आधी अंमलात आणला आणि मग मांडला. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो. तिथल्या अंधारात काचेपलीकडून एक रंगीत मासा माझ्याकडे टक लावून पाहत होता. वडील शेजारच्या टाकीपुढे उभे राहून, "हा तळून बरा लागेल," असे पुटपुटत होते. तेव्हापासूनची माझी ही इच्छा. थकबाकी तीही होतीच.

समुद्र घरात आणणे म्हणजे काय, ते डोंबिवलीत राहून कळते. चार फुटी टाकी, तीनशे लिटर पाणी, लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे साडेदहा किलो मीठ! बरे, आपले पिशवीतले मीठ त्याला चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असले सगळे समुद्रात असते तसे त्यात असावे लागते. म्हणून ज्या मुलखात मिठागरांच्या कडेने लोकल धावते, त्या मुलखात मी परदेशी मिठाची बादली विकत आणून खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेली. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचे, म्हणून ते गार करण्याचे यंत्र आले. आता मे महिन्यात आमच्याकडे माशाला थंडावा आणि आम्हाला पंखा अशी व्यवस्था आहे. सौ. दुपारी टाकीच्या काचेला गाल लावून बसते. मासे पाहण्यासाठी नव्हे.

माशाचे नाव दुकानदाराने 'फेअरी रास' असे सांगितले. रास म्हटल्यावर मी चटकन म्हणालो, "माझी रास मीन." तो म्हणाला, "साहेब, ही जात आहे." शास्त्रात या कुळाला सिऱ्हिलाब्रस म्हणतात आणि त्यात साठाच्या वर जाती आहेत. २०२२ साली मालदीवच्या खोल पाण्यातली एक गुलाबी जात नव्याने नोंदली गेली. तिथल्या दिवेही भाषेत गुलाबाला फिनिफेन्मा म्हणतात, म्हणून तिचे नाव फिनिफेन्मा. माझा मासा त्या मानाने जुन्या घराण्यातला. इंडोनेशियात सोलोर नावाचे बेट आहे, त्यावरून या जातीला सोलोरेन्सिस म्हणतात. ब्लीकर नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५३ साली तिची नोंद केली. आमच्याकडे आला तेव्हा काय रुबाब होता त्याचा! डोके शेंदरी, पाठ हिरवट निळी, पोटाकडे जांभळा, आणि कल्ल्याच्या कडेला कुणी काजळाचे बोट फिरवावे तशी गडद रेघ. मी त्याचे नाव राजाभाऊ ठेवले.

त्याला समुद्रातून आणून काचेत ठेवणेच मुळात बरोबर का, असा प्रश्न चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी विचारला. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडे विषारी सायनाइड फवारून, गुंगी आणून मासे धरण्याचे प्रकार झालेले आहेत, हेही त्याने ऐकवले. दुकानदाराने "जाळ्यातला आहे" अशी शपथ घेतली होती, ती मी पुढे केली. पण जामीनदाराची सही असली म्हणजे कर्ज वसूल होतेच असे नाही, हे बँकेत काम करणाऱ्याला कुणी सांगायला नको. तो प्रश्न माझ्या नावावर थकीत आहे एवढेच इथे नोंदवतो आणि पुढे जातो.

चार महिने गेले. एक दिवस केर काढता काढता सौ. थांबली आणि म्हणाली, "अहो, हा पाण्यात धुतला जातोय का हो?"

मी निरखून पाहिले. खरेच, राजाभाऊ विटले होते. शेंदराची वीट झाली होती, निळ्याचा राखी झाला होता, जांभळा तर शोधावा लागत होता. पोहत होता, खात होता, प्रकृती ठणठणीत. पण लग्नात घालायचा कोट रोज ऑफिसला वापरल्यावर जसा दिसेल, तसा तो दिसत होता.

प्रथम खाण्याकडे बोट गेले. सौ.ने गाजर सुचवले, आणि मी हसलो तरी ती फारशी चुकली नव्हती. शेंदरी-पिवळा रंग माशाला स्वतःच्या अंगात करता येत नाही, तो तोंडावाटे यावा लागतो. मूळ रंग शेवाळात तयार होतो, शेवाळ बारीक कोळंबीसारखे जीव खातात, आणि त्या जिवांना मासा खातो. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंचा गुलाबीपणाही अशाच उधारीवरचा. निळ्याचे तसे नाही. कातडीतल्या बारीक स्फटिकांवर उजेड पडून तो दिसतो. म्हणजे आपल्याकडे मूळ वेतन आणि महागाई भत्ता असतो तसेच हे. मी गोठवलेली कोळंबी आणली. ती फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवल्यावरून जे बोलणे झाले ते इथे सांगत नाही. महिनाभर दिवसातून तीनदा खाऊ घातले. रंगाने एक पायरी वर चढल्यासारखे केले आणि तो तिथेच बसला.

शेवटी दुकानदाराकडे गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले, पाणी विचारले, दिवे विचारले आणि मग विचारले, "एकटाच ठेवलाय?"

"हो."

"मग साहेब, तो रंगणार कुणासाठी?"

हे त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता सांगितले. मी मात्र ते वाक्य खिशात घालून कल्याण लोकलने घरी आलो आणि ते वाक्य मला बोचत राहिले.

राजाभाऊचा मला आधी राग आला. म्हणजे काय? बघायला मादी नाही, डाफरायला दुसरा नर नाही, म्हणून रंग सोडून द्यायचा? माणसाने कुणी बघो न बघो, आपल्या रंगात राहावे. निष्काम कर्म म्हणतात ते हेच, आणि लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलेले असते. 'बघणारा नसताना माणूस जसा असतो तोच खरा' असा सुविचार आमच्या शाळेच्या फळ्यावर आठवड्याला एकदा यायचा. त्या हिशेबाने खरा राजाभाऊ म्हणजे हा विटकरी. दुकानातला तो केवळ जाहिरात.

मग वाणिज्य शाखा जागी झाली. रंग फुकट नसतो. समुद्रात उठून दिसणे म्हणजे मोठ्या माशाच्या नजरेत भरणे. तो धोका पत्करायचा तर समोर कुणी तरी असावे लागते. ज्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार होत नाही ते बँक निष्क्रिय म्हणून बाजूला काढते. पैसे कुठे जात नाहीत, आतच असतात. राजाभाऊ उदास नव्हता, त्याचे खाते निष्क्रिय झाले होते. मग मला वाटले, बघणारे कुणी नसताना नटून बसणे याला निष्ठा म्हणायचे की उधळपट्टी? आणि रंग हा ज्याचा त्याचा असतो, की दोघांच्या मधे कुठे तरी असतो?

असले प्रश्न पडले की मी चिरंजीवांकडे जात नाही, पण चिरंजीव माझ्याकडे आले. म्हणाले, "बाबा, आरसा दाखवा त्याला." आणि फोनवरून वाचून दाखवले. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी याच सोलोरेन्सिस जातीच्या नरांना आरसे दाखवले होते. निबंध २०१४ सालचा. पाण्यात तांबडा उजेड सगळ्यात आधी विरून जातो, दहा-पंधरा मीटरांखाली जवळजवळ उरतच नाही. पण या माशांच्या अंगातून स्वतःची एक गडद तांबडी चमक बाहेर पडते. आरशातल्या नराची ती चमक दिसली की हे त्याच्यावर धावून जातात. मधे गाळणी लावून तेवढी चमक अडवली की तितका जोर राहत नाही. म्हणजे त्यांना ती दिसते, असा निष्कर्ष.

सौ.चा कुंकवाचा आरसा घेतला आणि काचेला टेकवला. राजाभाऊ आला, थबकला. आणि मग काय सांगू! पाठीवरचा पंख ताठ, शेपटी पसरलेली, निळ्या रेघा विजेसारख्या अंगभर धावल्या, शेंदूर परत आला. दोन मिनिटांत दुकानातला राजाभाऊ हजर! मी ओरडलो, सौ. पोळी तव्यावर टाकून धावत आली, पोळी करपली.

त्यानंतर रोज सकाळी दहा मिनिटे आरसा. आठवड्याभरात एरवीही रंग बरा दिसू लागला. पाहुण्यांना दाखवताना मी आरसा पाठीमागे धरून उभा राहत असे. पण दाढी करताना मला त्याच्याकडे बघवेना. तो बिचारा रोज सकाळी जिवाच्या आकांताने एका नराला पळवून लावतो, तो नर बरोबर दहाव्या मिनिटाला पळतो, आणि हा विजयी मुद्रेने टाकीला फेरी मारतो. सगळे लटके. त्याला फसवून मी माझ्या डोळ्यांची हौस भागवत होतो. मी म्हणे, त्यात त्याचे काय नुकसान? उलट जिंकल्याचा आनंदच. त्यावर माझेच मन म्हणे, हेच वाक्य खोटी ठेव-पावती देणारा भामटा म्हणतो.

आणि तेव्हाच आमच्या शाखेतल्या हेड कॅशियरचा निरोपसमारंभ आला.

इथे थोडी फुशारकी मारावी लागते. आमच्या शाखेत मी विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. काउंटरवर रांग वाढली, सर्व्हर बंद पडला, पेन्शनरांचा धीर सुटला, की मला पुढे करतात. मी दोन वाक्ये टाकतो, लोक हसतात, सर्व्हर आपल्या सवडीने येतो. त्या समारंभात मी वीस मिनिटे बोललो. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. कुटुंबीयांना आमंत्रण होते, सौ. दुसऱ्या रांगेत बसली होती. नंतर बटाटेवडा खाता खाता एक सहकारी तिला म्हणाला, "वहिनी, घरी तर हसून हसून तुमची पुरेवाट होत असेल!"

सौ. म्हणाली, "हो ना."

एवढेच. हसून म्हणाली, वडा पुढे केला. मी दोन हातांवर उभा होतो. ते 'हो ना' माझ्या कानात शिरले ते डोंबिवलीपर्यंत निघाले नाही. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. घरी मी काय बोलतो, याची मी गाडीत बसून मनात यादी केली. 'पाणी आलं का', 'बिल भरलं का', 'त्याला सांग आवाज कमी कर', आणि 'हं'. त्यात 'हं' सर्वाधिक. घरी आल्यावर मी जो लेंगा चढवतो त्याचा मूळ रंग कुणालाच आठवत नाही. रविवारी दाढी नाही. दिवसभराचे सगळे शेंदरी-निळे मी काउंटरवर, ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत अशा खातेदारांत वाटून येतो, आणि घरी विटकरी होऊन बसतो. राजाभाऊ परक्यांसमोर फिका पडला आणि आपल्या माणसांसाठी रंग राखून बसला. माझे बरोबर उलटे. दोघांत निर्बुद्ध प्राणी कोणता?

आणि तिने 'हो ना' म्हणून चार लोकांत मला आरसाच दाखवला होता. माझा रंग उतरू नये म्हणून. ते खोटे होते, आणि त्याबद्दल तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आरसा परत कपाटात ठेवला आणि म्हणालो, "दोन माद्या आणू या."

"त्याच्या रंगासाठी?" सौ.ने विचारले. तिने फक्त विचारले, पण लाटणे हातात होते.

यात तिचे म्हणणे बिनतोड होते. दोन जीव केवळ तिसऱ्याचा रंग खुलावा म्हणून आणायचे, हा कुठला न्याय? दुकानात माद्या स्वस्त मिळतात, कारण त्यांना रंग नाही. फिकट गुलाबी अंग आणि बहुतेकींच्या शेपटीच्या बुंध्याशी एक काळा ठिपका. निरनिराळ्या जातींच्या माद्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की जाणकारही चकतात. मी म्हटले, "अगं, समुद्रात ते असेच राहतात, एक नर आणि चार-सहा माद्या. एकटा ठेवणं हेच खरं चूक. आणि एक गंमत सांगू? यांच्यात सगळे आधी मादीच असतात. त्यांतली एखादी मोठी झाली की तिचा नर होतो. हे आपले राजाभाऊसुद्धा पूर्वाश्रमीच्या बाईच."

सौ. बराच वेळ टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला सगळं माहीत असणार. तरी असा वागतो?"

याला उत्तर नव्हते. मी विषय बदलण्यासाठी रास-कुळातल्याच दुसऱ्या एका माशाची, इतर माशांना साफ करणाऱ्या 'क्लीनर रास'ची गोष्ट सांगितली. रॉबर्टसन नावाच्या संशोधकाने ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ बेटांवर त्याचा अभ्यास करून १९७२ साली छापला. कळपातला नर नाहीसा झाला, की सगळ्यात मोठी मादी दीड-दोन तासांतच नरासारखी वागू लागते, आणि पंधरा-अठरा दिवसांत खरोखरच नर होते. आमच्या शाखेत मॅनेजरची बदली झाली त्या दिवशी हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑर्डर अकराला आली. साडेबाराला सर्वात ज्येष्ठ अधिकारी घसा खाकरून बोलत होते आणि चहा त्यांच्या केबिनमध्ये जात होता.

सौ. हसली. मी चमकलो. हा विनोद मी बँकेत करायचा म्हणून राखून ठेवला होता आणि तो घरी खर्च झाला.

माद्या आल्या. आठवडाभर भोकांच्या डब्यात राहिल्या, मग मोकळ्या सोडल्या. पहिले दोन दिवस राजाभाऊने त्यांना पळवले. ही मंडळी दचकली की पाण्याबाहेर उडी मारतात, म्हणून टाकीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला आहे. मग सारे शांत झाले. आणि आता संध्याकाळी टाकीचे दिवे मंद होऊ लागले की तो प्रकार सुरू होतो. पंख ताठ, अंगावर लखलखत्या रेघा, एकीच्या पुढून सुळकन जायचे, दुसरीकडे वळायचे. आरशापुढच्यापेक्षा हा रंग वेगळा आहे. तिथे धमकी होती. इथे काय आहे त्याला मला शब्द सापडत नाही. त्या दोघी मात्र बहुतेक वेळा कोळंबीचे तुकडे शोधत असतात.

एक गोष्ट ध्यानात आली आहे. मी फार जवळ गेलो, नाक काचेला लावले, की राजाभाऊ पंख मिटतो. थकबाकी माझी, मीठ माझे, विजेचे बिल माझे, पण तो रंग मला दाखवण्यासाठी नाही. मी जरा लांब, सोफ्याच्या टोकाला बसून, दुसऱ्याच्या घरातले कार्य खिडकीतून बघावे तसा बघतो. रात्री दिवे गेले की तो खडकाच्या फटीत शिरतो आणि अंगाभोवती पातळ बुळबुळीत पिशवी विणून तिच्यात झोपतो. त्यात त्याचा रंग कोणता, ते टॉर्च लावूनही नीट कळत नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी कपाटातला तो कुंकवाचा आरसा काढला. न्हाणीघरातला फुटला होता. खिडकीत ठेवून दाढीचा साबण लावला. सौ. चहाचा कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"अहो, आज रविवार. कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

तिने माझ्याकडे पाहिले, टाकीकडे पाहिले. मग हातातला कप उचलून पुन्हा आत गेली. "थांबा," आतून म्हणाली, "हा गार झालाय. दुसरा टाकते. आणि ते मॅनेजरचं पुन्हा एकदा सांगा, माझ्या बहिणीला फोनवर सांगताना मधलं विसरले मी."